उगवतीची बाजू

११ ऑगस्ट, सोमवार

आज काय झालं, तेवढंच लिहिते.

१. सोयाबीन फुलावर आलं. हिंगण्याच्या पुढे बायजाबाईंच्या वावरात आमच्या दोन चाचण्या आहेत. मध्ये धुरा, म्हणजे बांध. उगवतीची बाजू माझी, मावळतीची माझ्यासोबत प्रबंध करणाऱ्या अरुंधतीची. दोघींनी आपापल्या वाफ्यांतली झाडं मुळासकट काढली.

२. मुळं बादलीत भिजवली, चाळणीवर धुतली. मुळांवरच्या गाठी मोजल्या. पात्याने कापून आतला रंग पाहिला.

३. अरुंधतीच्या बाजूला स्फुरदाचं खत न दिलेल्या झाडांवर गाठी बारीक, आत पांढुरक्या. हेक्टरी तीस किलोला वाढल्या. साठला टपोऱ्या, आत लालसर. नव्वदला साठइतक्याच. पुस्तकात असतं तसं.

४. माझ्या बाजूला चारही मात्रांना सारख्याच. थोड्या, लहान, फिक्या. स्फुरद दिला काय, न दिला काय.

५. आमचे मार्गदर्शक विश्वनाथ सर आले. तिच्या ताटलीसमोर बसले, फोटो काढला. माझ्या ताटलीकडे पाहून म्हणाले, "हं."

६. निघताना त्यांनी सांगितलं की ब्रिस्बेनच्या प्रयोगशाळेत सहा महिन्यांसाठी विभागातून एकच नाव जाणार. तीस सप्टेंबरला पाठवायचं. तुम्हा दोघींपैकीच एक.

७. मी गाठी पाकिटांत भरल्या, क्रमांक घातले, घरी आले.

सहा आणि सातच्या मध्ये अरुंधतीने माझा हात दाबला होता. तो मुद्दा घेतला नाही.

१२ ऑगस्ट

वाळलेल्या गाठी तोलल्या. वजनही तेच सांगतं. माझे चार आकडे एकमेकांना चिकटून बसलेत. तिच्या आकड्यांची रेघ वर चढते आणि साठवर जाऊन टेकते.

गोष्ट किती सरळ आहे! गाठीतले जिवाणू हवेतला नत्र धरून झाडाला देतात; अशी कामावरची गाठ आत लाल असते. काम कष्टाचं. त्यासाठी लागणारी शक्ती झाड पुरवतं, आणि ती शक्ती खेळती ठेवायला स्फुरद लागतो. जमिनीत स्फुरद कमी, तर गाठी कमी. वरून दिला, तर वाढायला हव्यात. आमची जमीन स्फुरदाने गरीब आहे – मार्चमध्ये दोन्ही बाजूंची माती मीच काढली होती. दोन्हीकडे हेक्टरी अकरा किलो. नत्रही कमीच. एक जमीन, एक पेरणी, एकाच थप्पीतलं सुपर फॉस्फेट. फरक इतकाच, की तिच्या चाचणीत दोन वाण आहेत आणि माझ्यात एकच वाण, जिवाणूखत लावलेला व न लावलेला.

मग माझ्याच बाजूला का नाही?

१३ ऑगस्ट

मत्सर.

लिहून पाहिला. कागदावर लहान दिसतो.

१६ ऑगस्ट

अरुंधती पाच मिनिटांत कोणाचीही होते. प्रयोगशाळेतले भैयाजी मला ओव्हन हवा असला की रजिस्टर पुढे सरकवतात – म्हणतात, सही करा, नंबर लावा. ती नुसती दारात उभी राहिली तरी ओव्हन रिकामा होतो. परवा मी विचारलं, यांचा नंबर कधी लागला? भैयाजी म्हणाले, "त्यांचा नंबर लागत नसते मॅडम, त्या येतात."

ती मला सरू म्हणते. घरीसुद्धा मला कोणी सरू म्हणत नाही.

ती वाईट असती तर सोपं झालं असतं. ती माझ्यासाठी कॅन्टीनमध्ये जागा धरून ठेवते. माझा प्रबंधाचा आराखडा तिने मी न सांगता वाचला आणि तीन चुका काढून दिल्या. तिन्ही बरोबर होत्या! मी थँक्यू म्हणाले. ती म्हणाली, अगं त्यात काय. मला तेच आवडत नाही, त्यात काय म्हणणं. ज्याच्याकडे भरपूर असतं त्यालाच ते म्हणता येतं.

घरी आईने विचारलं, "काहून वं, भाजी अळणी झाली का?"

मी म्हणाले, नाही.

"मंग तोंड काहून अळणी?"

बाबा कंपनीच्या बसमधून उतरून नुकतेच आले होते. बूट काढता काढता म्हणाले, हिच्या सोयाबीनले काहीतरी झालं असन, माणसाच्या गोष्टीचं हिले कुठं वाईट वाटते. दोघं हसले. मीही हसले.

ब्रिस्बेनचं सांगितलेलं नाही. सांगितलं तर आमच्या सगळ्या हुडकेश्वरला कळेल. मग नाही मिळालं तर तेही सगळ्या हुडकेश्वरला कळेल.

१८ ऑगस्ट

वावरातले आकडे इतके सरळ येत नाहीत. कुठे उंदीर बीळ करतो, कुठे पाणी साचतं, एखादा वाफा उगाच रुसतो. तिचा एकही वाफा रुसलेला नाही.

एक शक्यता: झाडं काढताना तिचा हात निवड करतो. शून्याच्या वाफ्यात मरतुकड्या झाडाकडे जातो, साठच्या वाफ्यात जोमदार झाडाकडे. मुद्दाम नसेलही. पण डोळ्यांना जे हवं असतं ते हातांना सापडतं.

हे सुचल्यावर बरं वाटलं. किती बरं वाटलं, तेही इथे नोंदवून ठेवते.

२३ ऑगस्ट, शनिवार

मारबत. इतवारीत अरुंधतीच्या मामांच्या गॅलरीतून पाहिली. तिने आग्रह केला, नाही म्हणायला कारण सापडलं नाही. खाली माणसांचा पूर. काळी मारबत, भला मोठा पुतळा, पुढे सरकत होती, पिवळी मागून येत होती. बडग्यांच्या पुतळ्यांवर वर्षभराच्या तक्रारी लिहिलेल्या – महागाई, खड्डे, वीजबिल. लोक ओरडून ओरडून जे नको ते सोबत न्यायला सांगत होते. डास घेऊन जा, खोकला घेऊन जा.

अरुंधती कठड्यावर ओणवी झाली आणि ओरडली, "माझी पिवळी पानं घेऊन जा गे मारबत!" तिच्या मामी हसून हसून खुर्चीत बसल्या.

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "खरंच सांगते सरू. धुऱ्यावर उभी राहिले की तुझं पीक काळंभोर हिरवं दिसतं. माझं बघवत नाही मला. काय घातलंस?"

मी म्हणाले, जे तू घातलंस तेच.

तिला पानांचं काय पडलंय? पानं सर मोजत नाहीत. गाठी तिच्याकडे आहेत. भरल्या पोटाने कोणी उपाशी माणसाच्या साडीचं कौतुक करावं, तसं वाटलं.

मला तिने विचारलं, तू काय देतेस मारबतीला? मी काही नाही म्हणाले.

मनात एक नाव घेतलं होतं. इथे लिहीत नाही.

२६ ऑगस्ट

शेंगा धरताना दुसऱ्यांदा गाठी मोजायच्या होत्या. मी माझं काम लांबवलं आणि तिच्याकडे लक्ष ठेवलं.

ती वाफ्याच्या कडेला पाठ करून उभी राहिली. झाडं बायजाबाईंना काढायला सांगितली. त्या म्हणाल्या, कोनती काढू? ती म्हणाली, "तुमच्या हाताला येतील ती. मला नका विचारू मावशी, माझा हात चांगल्याकडेच जातो."

बायजाबाईंनी तोंडाने काहीतरी पुटपुटत, कापसाची पऱ्हाटी उपटावी तशी झाडं उपटली. एकाही झाडाकडे पाहिलं नाही. मुळं धुतली. शून्याला बारीक, पांढुरक्या. साठला टपोऱ्या, लाल.

मला जी शंका आली, ती तिला स्वतःबद्दल आधीच आली होती. तिने त्यावर उपायही केला होता.

माझी झाडं मी माझ्या हाताने निवडली होती.

माझ्याकडे पुन्हा तेच. उंच, दाट, काळंभोर पीक. खाली मुळांवर जेमतेम काही. असं पीक पाहिलं की पहिला विचार येतो तो जमिनीतल्या नत्राचा. आयता नत्र मिळाला तर झाड गाठींवर खर्च करत नाही. पण मार्चचा अहवाल सांगतो की नत्र कमी आहे, दोन्हीकडे सारखा. माती मी काढली. अहवालावर माझी सही आहे. तो विचार सोडून दिला.

२८ ऑगस्ट

आज केलं ते केलं.

सरांच्या खोलीत गेले. मी म्हणाले की मावळतीच्या बाजूचे आकडे जरा जास्तच सरळ आहेत. तिथे उतार आहे. कदाचित मातीतच मुळात चढउतार असेल आणि मात्रांशी योगायोगाने जुळला असेल. नाव पाठवण्याआधी शून्य मात्रेच्या वाफ्यांची माती पुन्हा तपासावी.

सरांनी चष्मा काढला. "तुला तिच्यावर शंका आहे?"

"आकड्यांवर आहे."

"तुझ्या आकड्यांवर नाही?"

मी म्हणाले, माझ्या आकड्यांत शंका घेण्यासारखंसुद्धा काही नाही सर. ते हसले. मग म्हणाले, दोन्ही बाजूंची माती काढा. विभागाची नेहमीची तपासणी म्हणून सांगतो. तुझं नाव येणार नाही.

दोन्ही बाजूंची – हे मीच म्हणणार होते. न्याय्य दिसलं असतं.

बाहेर आले तर अरुंधती माझ्या टेबलावर तर्री पोह्यांची पुडी ठेवून गेली होती. खाल्ली. थंड झाली होती.

४ सप्टेंबर

माती काढली. दोघी मिळून. प्रत्येक शून्य वाफ्यात चार ठिकाणी, वीतभर खोल, मग मिसळून अर्धा किलो. तिला वाटतंय सरांनी सगळ्यांचीच काढायला लावली आहे. खुरपं माझ्या हातात देताना म्हणाली, बरं झालं, मार्चमध्ये मी लग्नाला गेले होते आणि तू एकटीने उन्हात खोदलंस, मला तेव्हापासून खात होतं. आज तिने माझ्याही बाजूचे दोन वाफे खोदले.

बायजाबाईंनी चहा केला. त्या पन्नाशीच्या असतील. एकट्या वावर बघतात, मुलगी सक्करदऱ्याला दिली आहे. मला पेला भरून दुधाचा चहा. अरुंधतीला कोरा.

अरुंधती म्हणाली, "मावशी, दर वेळी हिला दुधाचा आणि मला कोरा. काहून?"

"तू घरी पित असशीन दुधाचा."

"मी दूध आणू का उद्या डबाभर?"

"आन ना. तोही इलेच देईन."

अरुंधती इतकी हसली की चहा सांडला. मला संकोच वाटला. मी अर्धा चहा तिच्या पेल्यात ओतला. बायजाबाई बघत होत्या. 

१० सप्टेंबर

अहवाल आलेला नाही. भैयाजींना दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायच्या आधीच म्हणाले, नाही.

१४ सप्टेंबर

आज ठरवलं होतं की तिचा विचार करायचा नाही.

दिवसभर तोच केला. तिचा आवाज, तिची गाडी, सर तिच्याशी बोलताना खुर्ची वळवतात ते. माझ्याशी बोलताना मान वळवतात. मी ब्रिस्बेनच्या प्रयोगशाळेचं पान उघडून पाहिलं. गाठी चालू असताना झाडाचा श्वास मोजायची त्यांची पद्धत आहे. मुळं न उपटता! चार वर्षं मी झाडं मारून त्यांच्याबद्दल लिहिते आहे. जिवंत मुळावर काम करायला मिळालं असतं.

हे तिला नको आहे असं नाही. पण तिला नाही मिळालं तरी काहीतरी दुसरं मिळेल. मला हे नाही मिळालं तर हे नाही मिळालं.

१९ सप्टेंबर

अहवाल आला. सर नव्हते. पाकीट अरुंधतीच्या हातात पडलं आणि तिने माझ्या टेबलावर आणून उघडलं. एकत्र बघू म्हणाली.

मावळतीची बाजू, उपलब्ध स्फुरद: अकरा. मार्चमध्ये होता तेवढाच. सगळे शून्य वाफे जवळजवळ सारखे. उतार नाही, चढ नाही, काही नाही. स्वच्छ.

खाली उगवतीची बाजू. सव्वीस. नत्र दुपटीजवळ. सेंद्रिय कर्बही चढलेला.

अरुंधतीने त्या ओळीवर बोट ठेवलं. "सरू, हे तुझं आहे?"

मी हो म्हणाले.

"छे, प्रयोगशाळेने घोळ घातला असेल. नमुने पुन्हा देऊ. मी बोलते भैयाजींशी, ते लगेच करतील."

ती खरोखर माझ्यासाठी घाबरली होती. तिच्या चेहऱ्यावर आनंदाचा एक कण मी शोधत होते. मला तो हवा होता. सापडला नाही.

२० सप्टेंबर

पिशव्यांवरचे क्रमांक तपासले. अदलाबदल नाही. उरलेल्या मातीची चाचणी भैयाजींनी पुन्हा केली. अरुंधतीने सांगितलं म्हणून नंबर न लावता. पंचवीस पॉइंट आठ.

घोळ नाही.

म्हणजे माझ्या शून्य वाफ्यांत शून्य नव्हतंच. झाडं आधीच जेवून बसली होती. वरून स्फुरद दिला तरी त्यांना फरक पडणार नव्हता. आणि नत्र आयता मिळत होता, म्हणून गाठी कमी. सगळे आकडे आता बरोबर वाटतात. पीक हिरवं का, गाठी फिक्या का, मात्रा का दिसत नाहीत. माझं सव्वीस ऑगस्टचं पान उघडून पाहिलं. तिथे उत्तर लिहिलं होतं. लिहून सोडून दिलं होतं. नजर धुऱ्यापलीकडे होती.

पण आलं कुठून? मार्च ते जून या वावरात कोणी काही घातलेलं नाही. पेरणीआधी वखर फिरला, तेव्हा जमीन साफ होती.

२२ सप्टेंबर

सरांनी अहवाल वाचला. म्हणाले, मावळतीबद्दलची तुझी शंका मिटली. मी म्हणाले, हो. मग सर म्हणाले, उगवतीचे आकडे मात्र असे वापरता येणार नाहीत, कारण सापडलं तर बघू.

अरुंधतीचं नाव ते तीस तारखेला पाठवणार. तिला अजून सांगितलेलं नाही.

सर चांगले आहेत. एक वाक्यही जास्त बोलले नाहीत. त्यांनी काहीतरी लागेल असं बोलावं, असं मला वाटत होतं.

२५ सप्टेंबर, गुरुवार

बायजाबाईंकडे गेले. एकटी, आईची स्कूटी घेऊन.

त्या ओसरीवर तुरीची डाळ पाखडत होत्या. मी विचारलं, उन्हाळ्यात वावरात कोणी शेणखत टाकलं होतं का? म्हणाल्या, शेनखत कुठून आनू, ढोरं कुठं राहिले आता. मग सूप थांबलं. चेहरा उजळला. जणू मी ती गोष्ट विचारावी म्हणून त्या कधीच्या थांबल्या होत्या.

बैशाखात मेंढपाळांचा कळप आला होता. पाच-सातशे मेंढ्या. दरवर्षी या वाटेने जातात. ज्याला हवं त्याच्या वावरात काही रात्री मेंढ्या बसवतात, बदल्यात ज्वारी घेतात. लेंड्या पडतात, मूत मुरतं, जमीन तयार होते. यंदा ते घाईत होते. म्हणाले, एकाच बाजूला बसतील, साऱ्या वावराला रात्री पुरणार नाहीत.

"मी म्हनलं, मंग उगवतीलेच बसव."

मी विचारलं, उगवतीलाच काहून?

"ते तुयी बाजू ना!"

त्यांना आधीच माहीत होतं. मार्चमध्ये माती काढताना मीच सांगितलं होतं – इकडे माझं, तिकडे माझ्या मैत्रिणीचं. तो दिवस मला आठवला. ऊन खूप होतं. मी सोबत डबा नेला नव्हता. त्यांनी भाकरी आणि ठेचा दिला, आणि मी खाऊन पुन्हा खोदायला गेले. इतकंच झालं होतं. काही बोलणंही झालं नव्हतं.

त्या म्हणाल्या, "ते दुसरी पोरगी बी चांगली आहे. लय गोड आहे. पन तिले देनारे लय आहेत. तू त कोनाले काही मांगतच नाही. भाकर बी मांगितली नाही त्या दिवशी, म्याच वाढली. म्हनून म्हनलं, इचं पीक त चांगलं आलं पाह्यजे."

चार वर्षं मी हेच मोजत होते, कोण कोणाकडे खुर्ची वळवतं. आणि मी नसताना, मला न सांगता, एका बाईने सातशे मेंढ्या माझ्या बाजूला वळवल्या होत्या.

त्यांनी विचारलं, "मंग? पहिली आली का तू?"

खरं सांगितलं असतं तर पाच मिनिटं लागली असती. शून्य वाफा म्हणजे काय, त्याला उपाशी का ठेवायचं, सगळं. समजलंही असतं त्यांना. आणि मग त्यांनी ते आयुष्यभर मनात ठेवलं असतं.

"साऱ्या वावरात माझंच पीक चांगलं आहे," मी म्हणाले. हे खोटं नाही.

"मंग!" त्या म्हणाल्या, आणि पुन्हा पाखडायला लागल्या. थोड्या वेळाने उठून चहा आणला. दुधाचा. या वेळी मी सगळा प्यायले.

परत येताना हिंगण्याच्या चौकात कारखान्यांची पाळी सुटली होती. माणसं, मोटारसायकली, बसेस. बाजूला थांबले. हेल्मेटमध्ये रडले. कोणाला दिसत नाही.

२६ सप्टेंबर

सरांना मेंढ्यांचं सांगितलं. बायजाबाईंनी माझीच बाजू का निवडली ते सांगितलं नाही.

सर बराच वेळ हसले. मग गंभीर झाले. म्हणाले, हे वाया गेलेलं नाही. मेंढ्या बसलेल्या जमिनीवर स्फुरदाला गाठी दाद देत नाहीत, न बसलेल्या जमिनीवर देतात. हे शेतकऱ्याच्या कामाचं आहे. पण माझी बाजू एकटी काही सांगू शकत नाही. तिला लागून मावळतीची बाजू हवी. आणि मेंढ्या एकाच बाजूला बसल्या, म्हणून याला निष्कर्ष म्हणायचं नाही, निरीक्षण म्हणायचं. शेवटचं मीच म्हणाले. सरांनी मान डोलावली. खुर्ची वळवली होती की नाही, पाहायचं राहून गेलं.

त्यासाठी कापणीला दोन्ही बाजूंचं धान्य आणि काड एकत्र तोलावं लागेल. त्यातला नत्र मोजावा लागेल. मावळतीची बाजू माझी नाही. मागावी लागेल.

आणि ती मला काय म्हणून देईल? तिच्या मातीची तपासणी कोणी लावली, ते तिला माहीत नाही. न सांगता मागणं सोपं आहे. ती देईलही. वर म्हणेल, त्यात काय.

२७ सप्टेंबर

दसऱ्याला बुलढाण्याची पाहुणेमंडळी येणार, दीक्षाभूमीला जायला. आईने गाद्या उन्हात घातल्या आहेत. मला म्हणाली, तुया खोलीत चौघीजणी झोपतीन, चालन ना वं?

मी चालेल म्हणाले. ती थबकली. दरवर्षी मी नाही म्हणते.

२८ सप्टेंबर, रविवार

अरुंधतीला पाठवलं ते इथे उतरवून ठेवते. पाठवून झालं आहे.

"अरुंधती, उगवतीच्या बाजूला मे महिन्यात मेंढ्या बसल्या होत्या. चूक प्रयोगशाळेची नाही, तुझी नाही. तुझे आकडे खरे आहेत. मातीची फेरतपासणी विभागाची नव्हती. मी सरांकडे जाऊन मागितली होती, कारण तुझ्या ताटलीतल्या गाठी मला सहन झाल्या नाहीत. ब्रिस्बेनला तुझं नाव जातं आहे, ते योग्य आहे. आता माझी एक मागणी आहे. तुझी मावळतीची बाजू मला माझ्या बाजूशेजारी ठेवायला हवी आहे. दोन्हीकडची कापणी एकत्र तोलायची, लेख दोघींचा, तुझं नाव पहिलं. नाही म्हणालीस तरी मला समजेल, पण नाही असं लिहून कळव. शनिवारपासून कापणी आहे. शुक्रवार, तीन ऑक्टोबरपर्यंत उत्तर दे."